अधिकार आणि उघडे दार

वारकरी घरांत एखाद्या व्यक्तीविषयी 'त्यांचा अधिकार मोठा' असे म्हटले जाते, तेव्हा त्या व्यक्तीच्या हाताखाली किती माणसे आहेत हा प्रश्न ऐकणाऱ्याच्या मनात येत नाही. तेथे अधिकार म्हणजे योग्यता. दीर्घ साधनेने अंगी आलेली आणि बहुधा त्या व्यक्तीला स्वतःला न जाणवणारी. तोच शब्द कचेरीत गेला की 'अधिकार गाजवणे' होतो. एकाच शब्दाची ही दोन रूपे मराठीत सुखेनैव नांदत आली आहेत, आणि मराठीचे अध्यापन करणाऱ्या आम्हांलाही त्यांच्यातील अंतराचा विचार करण्याची गरज बराच काळ वाटली नव्हती. ती वाटली पंडिता रमाबाई शिकवताना.

आम्ही दोघी एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. दोघींनीही चाळिशी ओलांडली आहे. आमच्यातली एक नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती कुटुंबात वाढली, दुसरी पंढरीची वारी असलेल्या घरात. एकीच्या लहानपणी रविवारी उपासना होती, दुसरीच्या लहानपणी एकादशीचे कीर्तन. रमाबाईंविषयी आमचे पूर्ण एकमत कधीच झालेले नाही आणि हा लेख लिहून झाल्यावरही ते झालेले नाही. तरीही तो 'आम्ही' म्हणून लिहीत आहोत, कारण ज्या प्रश्नाने हा वाद सुरू झाला तो दोघींचा आहे. आपल्या हातात दुसऱ्याच्या भल्याची शक्ती आहे आणि ती वापरायला सांगणारी श्रद्धाही आहे, अशा वेळी ज्याचे भले करायचे त्याच्या 'नाही' म्हणण्याला जागा उरते का, हा तो प्रश्न.

ख्रिस्ती श्रद्धेत सामर्थ्याचा विचार कसा येतो, हे समजून घ्यायला योहानाच्या शुभवर्तमानातील पाय धुण्याचा प्रसंग पुरेसा आहे. शिष्यांचे पाय धुणारा येशू आपण चित्रांत पाहिलेला असतो; पण त्या प्रसंगाची मांडणी नीट वाचली तर आधी काय सांगितले आहे ते महत्त्वाचे वाटते. पित्याने सर्व काही आपल्या हाती सोपवले आहे हे येशूला ठाऊक होते, असे निवेदक आधी सांगतो. आणि मग लगेच तो उठतो, वस्त्र उतरवतो, कमरेला रुमाल बांधतो. हातात सर्व काही आहे, म्हणून त्या हातात घंगाळ. दुर्बळाची ही नम्रता नव्हे. ज्याच्यापाशी सत्ता नाही त्याला सेवा करावीच लागते, त्यात नवल नाही. त्या प्रसंगात पेत्र मात्र अस्वस्थ होतो आणि पाय मागे घेतो. भल्यासाठी पुढे आलेल्या हातासमोरही माणूस संकोचतो, ही नोंद त्या कथनात आहे, आणि आम्हांला ती फार मोलाची वाटते.

रमाबाईंचे ख्रिस्ती होणे अशाच एका दर्शनाशी जोडलेले आहे. १८५८ साली जन्मलेल्या, पित्याकडून आणि मातेकडून संस्कृत शिकलेल्या, १८७०च्या दशकातील दुष्काळात आईवडील आणि बहीण गमावलेल्या, १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांकडून 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळवलेल्या या स्त्रीला बुद्धिवादाने जिंकणे कुणालाच सोपे नव्हते. बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह, १८८२ मध्ये वैधव्य, कडेवर मनोरमा, त्याच वर्षी पुण्यात आर्य महिला समाजाची स्थापना आणि हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाविषयी साक्ष, आणि १८८३ मध्ये इंग्लंडला प्रयाण, हा क्रम सर्वपरिचित आहे. इंग्लंडमध्ये त्या वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींच्या मठात राहिल्या. तेथील भगिनींनी त्यांना लंडनमधील फुलहॅम येथे चालणारे आपले एक काम दाखवले. समाजाने 'पतित' म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तेथे आश्रय मिळत होता. त्या स्त्रियांशी भगिनी ज्या तऱ्हेने वागत होत्या ते पाहून रमाबाईंना आश्चर्य वाटले. अशा स्त्रीला कोणती शिक्षा द्यावी याविषयी आपल्या धर्मग्रंथांत काय म्हटले आहे, ते त्यांना पाठ होते. या भगिनी असे का वागतात, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल त्यांना विहिरीवरच्या शमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवण्यात आली. पुढे आपल्या आत्मनिवेदनात ख्रिस्ताकडे मन वळण्याचे कारण म्हणून रमाबाईंनी याच अनुभवाचा उल्लेख केला आहे.

येथे थांबून पाहण्यासारखे आहे. रमाबाईंना प्रभावित करणारी गोष्ट तत्त्वज्ञानाची नव्हती. ज्यांच्या हातात दार, अन्न आणि प्रतिष्ठा होती अशा स्त्रिया, ज्यांच्या हातात काहीच नव्हते अशा स्त्रियांशी कशा वागतात, हे त्यांनी पाहिले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

पण याच रमाबाई पुढच्याच एक-दोन वर्षांत त्याच भगिनींना न जुमानणाऱ्या ठरल्या. सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो १९७७ मध्ये अ. भि. शहा यांनी संपादित केलेल्या ग्रंथरूपाने उपलब्ध झाला. मराठी वाचकाने तो जरूर वाचावा. आमच्या मते एकोणिसाव्या शतकातल्या भारतीय स्त्रीच्या आत्मसन्मानाचा तो फार मोठा दस्तऐवज आहे. त्रैक्याच्या सिद्धान्ताबद्दल शंका घेतली म्हणून जेराल्डीनबाई त्यांना अहंकारी म्हणतात. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात असताना पुरुषांना शिकवण्याचा विषय निघाला तेव्हा भारतातील बिशप हरकत घेतात. रमाबाई शाकाहार सोडत नाहीत. क्रूसावरची अक्षरे लॅटिनमध्येच का, संस्कृतात का नकोत, असे त्या विचारतात. आणि एका पत्रात त्या जे सांगतात त्याचा आशय असा की, मोठ्या प्रयासाने एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मान सोडवून घेतल्यावर दुसऱ्याच्या जोखडात ती अडकवण्याची माझी इच्छा नाही.

म्हणजे श्रद्धेने त्यांना जे सामर्थ्य दिले त्याचा पहिला उपयोग त्यांनी श्रद्धा देणाऱ्यांनाच 'नाही' म्हणण्यासाठी केला. आमच्यातल्या वारकरी घरातल्या एकीला रमाबाईंविषयी खरी आपुलकी वाटू लागली ती येथे. (दुसरीचे म्हणणे, जेराल्डीनबाईंनाही समजून घेतले पाहिजे, ज्या मुलीला आपण वाढवले असे वाटते तिने वाद घालायला सुरुवात केली की कोणत्या शिक्षिकेला गोड वाटते?) महाराष्ट्रात तेव्हा रमाबाईंच्या धर्मांतरावर टीकेची झोड उठली होती. त्यांच्या बाजूने ठामपणे उभे राहिलेल्या थोड्या लोकांत जोतीराव फुले होते. १८८५ मधील 'सत्सार'मध्ये त्यांनी ते केले.

अमेरिकेतील तीन वर्षांचे वास्तव्य आणि तेथे उभारलेला निधी यांचा तपशील येथे नको. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हलले. उच्चवर्णीय विधवांसाठी असलेली ही शाळा धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असे आश्वासन दिलेले होते. मुली आपल्या धर्माचे आचार पाळू शकत, त्यांचा स्वयंपाक त्यांच्या रीतीने होत असे. आणि रमाबाई आपल्या खोलीत सकाळी मुलीसोबत प्रार्थना करीत. खोलीचे दार उघडे असे.

पुण्यातल्या त्या सगळ्या वादळाचे केंद्र म्हणजे हे उघडे दार. काही मुली प्रार्थनेच्या वेळी येऊन बसू लागल्या. रमाबाईंचे म्हणणे होते की त्या कुणाला बोलावीत नाहीत. पण आपल्या घरात आपल्या देवाची प्रार्थना करताना दार लावून घेण्याचे कारणही त्यांना दिसत नाही. 'केसरी'ने टीका केली. १८९३ मध्ये न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासह सल्लागार मंडळींनी संस्थेशी संबंध तोडले आणि वीस-पंचवीस मुलींना पालकांनी काढून नेले.

आमच्या दोघींचा वाद येथे पेटतो. ख्रिस्ती घरातली एक म्हणते, दार लावून प्रार्थना करायची म्हणजे आपला विश्वास लाजिरवाणा आहे असे मान्य करायचे. हिंदू मुलींच्या आचाराला पूर्ण मोकळीक आणि संस्थाचालिकेने मात्र स्वतःच्या खोलीत चोरासारखे राहायचे, हा कुठला न्याय? दुसरी म्हणते, दार उघडे असणे आणि तटस्थ असणे यांत फरक आहे. ज्या मुलीचे केस कापले गेले, जिला घरात अपशकुनी म्हटले गेले, तिला जिने पहिल्यांदा पाटी दिली आणि तिच्या नावाने हाक मारली, त्या बाईचे दार हे कुणाचेही दार नव्हे. त्या दारात ओढ आहे. कुणी बोलावले नाही तरी पाऊल तिकडेच वळणार.

दोन्ही बाजूंना पुरावा आहे, ही यातली अडचण. शारदा सदनात आलेल्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई या बालविधवा होत्या. १८९३ मध्ये त्यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. 'माझे पुराण' या त्यांच्या आत्मकथनामुळे त्यांचा करारी, थोडासा खट्याळ स्वभाव मराठी वाचकाला ठाऊक आहे. त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. उलट, कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी जो आश्रम काढला त्याच्यासाठी त्या दारोदार वर्गणी मागत हिंडल्या. उघड्या दारातून आत न जाताही रमाबाईंकडून घेण्यासारखे सारे घेता येत होते, हे आनंदीबाईंनी दाखवून दिले. परंतु आनंदीबाईंना भाऊ होता, माहेर होते, परतायला जागा होती.

ज्यांना ती नव्हती त्या मुली आल्या १८९६-९७ च्या दुष्काळात. मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याचे ऐकून रमाबाई तेथे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या. स्वतःच्या मुलीपणी ज्यांनी उपाशीपोटी रानोमाळ भटकंती केली होती, त्यांना या मुलींच्या डोळ्यांत काय दिसले असेल हे सांगायला नको. पुणे-सोलापूर लोहमार्गावरील केडगाव येथे घेतलेल्या जमिनीवर 'मुक्ती' उभी राहिली. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. शेती, विणकाम, तेलघाणी, छापखाना. अंध मुलींसाठी वेगळी सोय आणि ब्रेलचे शिक्षण. आणि समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन. फुलहॅमला पाहिलेले ते घर दौंडच्या माळावर अशा रीतीने उभे राहिले. सरकारशीही त्यांनी संघर्ष केला. १८९७ मध्ये पुण्याच्या प्लेग रुग्णालयातील स्त्रियांच्या हेळसांडीविषयी वृत्तपत्रात पत्र लिहून त्यांनी राज्यकर्त्यांचा रोष ओढवून घेतला. एवढे काम त्या काळात एका स्त्रीने, कमी ऐकू येत असताना, पतीचा वा भावाचा आधार नसताना करावे, याला सामर्थ्याशिवाय दुसरा शब्द नाही.

आणि त्या मुलींपैकी पुष्कळजणी पुढे ख्रिस्ती झाल्या.

हे आम्ही एम.ए.च्या वर्गात सांगत होतो, तेव्हा मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, त्यांना नको म्हणता आलं असतं का?" वर्ग शांत झाला. मीरा कोसंबी आणि उमा चक्रवर्ती यांच्या संशोधनाचा आधार घेऊन आम्ही काही सांगितले. रमाबाईंच्या धर्मांतराला स्त्रीने पितृसत्तेशी घेतलेल्या झगड्याच्या चौकटीत कसे पाहता येते, हेही सांगितले. पण तिने विचारले होते ते रमाबाईंविषयी नव्हतेच. ती भाकरी मिळालेल्या मुलीविषयी विचारत होती.

हा प्रश्न ख्रिस्ती श्रद्धेला बाहेरून विचारलेला नाही, ही गोष्ट आमच्या वादात फार उशिरा लक्षात आली. अरण्यात चाळीस दिवस उपाशी असलेल्या येशूपुढे सैतान पहिला प्रस्ताव ठेवतो तो दगडांच्या भाकरी करण्याचा. शेवटी राज्ये देऊ करतो ते वेगळे. पण भाकरीचे सामर्थ्य सैतानाच्या यादीत आधी येते आणि ते नाकारले जाते. डोस्टोयव्हस्कीच्या 'करमाझॉव्ह बंधू'तील धर्मन्यायाधीश येशूला नेमका हाच दोष देतो की, तू भाकरी देऊन माणसांना अंकित करायला हवे होतेस, तू त्यांना स्वातंत्र्य देऊन बसलास. तेव्हा दुष्काळात भाकरी देणाऱ्या ख्रिस्ती माणसापुढे दोन आज्ञा एकाच वेळी उभ्या असतात. भुकेल्याला खाऊ घाल, आणि भाकरीने कुणाला विकत घेऊ नकोस. पहिली न पाळणारा निर्दय. पण पहिली पाळताना दुसरी मोडत नाही ना, हे ओळखण्याचे साधन काय? घेणाऱ्याची कृतज्ञता हे साधन होऊ शकत नाही. ती तर दोन्ही वेळा तितकीच खरी असते.

महाविद्यालयातल्या अध्यापकांना सत्ता कसली, असे वाचकांना वाटेल. पगार वेळेवर झाला तरी आनंद मानणारी आमची जात. पण अंतर्गत गुण आमच्या हातात असतात, उपस्थितीची यादी आमच्या सहीने जाते, आणि खेड्यातून येणाऱ्या मुलीच्या घरी "तिला शिकू द्या" असा आमचा एक फोन कधी कधी लग्न दोन वर्षे पुढे ढकलतो. काही वर्षांपूर्वी आमच्या एका विद्यार्थिनीची उपस्थिती आईच्या आजारपणामुळे फार कमी भरत होती. नियमानुसार तिला परीक्षेला बसता आले नसते. आम्ही दोघींनी सुट्टीत तिच्यासाठी जादा तासिका घेतल्या, त्यांची रीतसर नोंद केली, प्राचार्यांना अर्ज करून मान्यता मिळवली, आणि ती बसली. त्यात गैर काही नव्हते. आजही आम्ही तेच करू.

त्यानंतर तिने रमाबाईंवर प्रबंधिका लिहिली. वाचताना जाणवले की तिच्यातला जवळजवळ प्रत्येक अभिप्राय आमच्यापैकी एकीचा आहे. शब्दसुद्धा आमचे. उघड्या दाराविषयीचे एकीचे मत पहिल्या प्रकरणात होते, दुसरीचे दुसऱ्या प्रकरणात. कुणीही दुखावू नये अशी काळजी घेतलेली. तिला बोलावून विचारले, "तुला स्वतःला काय वाटतं?" ती म्हणाली, "तुम्ही म्हणता तेच वाटतं, मॅडम." तिच्या स्वरात लाचारी नव्हती. ती मनापासून बोलत होती, आणि म्हणूनच आम्हांला त्या रात्री केडगावच्या मुली आठवल्या. मनापासून म्हटलेले 'हो' मोकळेपणाने म्हटलेले आहे की नाही, हे 'हो' ऐकणाऱ्याला कसे कळावे?

प्रबंधिकेचे मूल्यमापन आम्ही आमच्याकडे ठेवले नाही. विभागप्रमुखांना सांगून ते दुसऱ्या महाविद्यालयातल्या प्राध्यापकांकडे दिले, आणि तिला तसे कळवले. ती जरा हिरमुसली. आमच्यापैकी एकीच्या मते हे अगदी आवश्यक होते. दुसरीला अजूनही वाटते की विश्वासाने जवळ आलेल्या मुलीला आपण दाराबाहेर उभे केले.

रमाबाईंनी या पेचाचा विचार कोणत्या शब्दांत केला असेल, हे आम्ही त्यांच्या लेखनात शोधत राहिलो. थेट उत्तर मिळाले नाही. मात्र त्यांच्या आयुष्याच्या अखेरच्या कामाकडे आम्ही आता वेगळ्या नजरेने पाहतो. हे काम म्हणजे बायबलचे मराठी भाषांतर. उपलब्ध भाषांतर संस्कृतप्रचुर आहे, मुक्तीतल्या खेड्यापाड्यांतून आलेल्या स्त्रियांना ते कळत नाही, असे त्यांना वाटले. म्हणून पन्नाशीच्या आसपास त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या भाषा शिकून घेतल्या आणि मूळ भाषांतून सोप्या मराठीत भाषांतर करायला घेतले. दीड दशकाहून अधिक काळ ते चालले होते. १९२१ मध्ये मनोरमा गेली तरी ते थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले, त्याआधी त्यांनी ते पुरे केले होते.

त्या भाषांतराची मराठी वाङ्मयीन दृष्टीने उजवी आहे, असे आम्ही म्हणणार नाही. काही ठिकाणी ती खडबडीत आहे, काही ठिकाणी मुद्दाम रूढ शब्द टाळल्यामुळे अडखळायला होते. पण हजारो श्लोक कंठस्थ असलेली, संस्कृत बोलून कलकत्त्याच्या पंडितांना चकित करणारी बाई आपली सारी विद्वत्ता एका कामाला लावते आणि ते काम असे की वाचणारीला विद्वत्तेची गरज पडू नये. पंडितेने सांगितलेला अर्थ ऐकण्याऐवजी मुलीने स्वतः पान उघडावे, आणि पटले नाही तर मिटावे. दाराविषयी आमची मते भिन्न राहिली तरी या पुस्तकाविषयी ती जुळतात.

ते पुस्तक छापले गेले मुक्तीच्याच छापखान्यात. खिळे जुळवण्याचे, मुद्रिते तपासण्याचे, पाने शिवण्याचे काम तिथल्या स्त्रियांनी केले. त्यांत दुष्काळातून आलेल्याही होत्या. यंदाच्या वर्गात ही माहिती सांगितल्यावर पुन्हा एका मुलीने विचारले, खिळे जुळवताना त्या वाचत असतील का? एकजण म्हणाली, खिळे उलटे जुळवतात, वाचता येत नाही. तिसरी, जिच्या काकांचा जुना छापखाना होता, म्हणाली की सवयीने उलटेही वाचता येते, तिचे काका वाचायचे. मग तास संपेपर्यंत वर्गात त्याच्यावरच वाद चालू राहिला आणि आमच्याकडे कुणी पाहिले नाही.